डिस्प्ले नंबर तीन

कामरगाव,
४ डिसेंबर १९७७

रामसिंग,

पाकीट भेटलं. रजिस्टर केलतं म्हनून पोस्टमन घरापर्यंत आला. आत प्रिंटचे कागद गुंडाळून, वरून रबर. चिठ्ठी नाही. मी कागद झटकून पाह्यले. एका कोपऱ्यात तुया अक्षरात लिहिलं होतं, 'नं. ३ अटकते'. तेवढंच.

मीबी पह्यले ठरवलं होतं का दुरुस्त करून नुसते कागद परत पाठवायचे, आपल्याकडून एक शब्द नाही. पन या कागदाले मागून जागा लय उरते.

तू माया भागातून थांबायची ओळ काढली. मले दिसलं ते. आपल्या जुन्या पद्धतीत मशीन, म्हनजे आपला कॉम्प्युटर, डिस्प्लेच्या काचेले एक अक्षर देते, अन् डिस्प्ले 'झालं' म्हनेपर्यंत तिथंच उभी राह्यते. मंग दुसरं अक्षर. तू म्हनला असशीन, एवढी मोठी मशीन एका अक्षरासाठी काहून खोळंबून ठेवायची? डिस्प्लेचं झालं का त्यानंच घंटी द्यावी, तवरी मशीननं दुसरं काम उरकावं. बरोबर हाये. उन्हाळ्यापासून माया मनात तेच होतं.

पन आपला एक कायदा होता. मशीनचा मूळ प्रोग्राम, जो सकाळी बटन दाबल्यापासून संध्याकाळी बंद करेपर्यंत आत चालूच राह्यते, त्याच्यात एकानं हात घातला का दुसऱ्याले मोठ्यानं वाचून दाखवायचं. ओळीमागून ओळ. दुसऱ्यानं हाव म्हनल्याबगर टेप पंच करायची नाही, कागदाले भोकं पाडून मशीनले द्यायची नाही. कायदा तूच काढला होता, मी नाही. मी हैदराबादहून वाशीमच्या गाडीत बसलो होतो तवा तू सेंटरमधी टेप पंच केली. हाव कोन म्हनलं?

तुया वहिनीच्या दुखन्याची तार तूच वाचून दाखवलती मले. 'गंगू सिरियस, ताबडतोब ये.' मी पोचलो तवा आटपलं होतं. बाळंतपन बरं झालतं, मंग ताप चढला. तुले कोनी सांगतलंच असन. नसन सांगतलं तर आता मालूम झालं.

बाकी घरचं ठीक. बाबा, माय, मी. अन् एक पोट्टी हाये, तिचं नाव अजून ठेवलं नाही.

नं. ३ काहून अटकते ते पाहून कळवतो.

इंद्रभान


कामरगाव,
२० डिसेंबर

रामसिंग,

सापडलं. नं. ३ पह्यल्या खेपेतला हाये. काच भरली का सारं लिहिलेलं एक ओळ वर सरकवाव लागते, त्याले बाकीच्यापेक्षा त्यात वेळ लागते. मंग तो घंटी देते. पन कधीमधी त्याच टायमाले मशीननं आपले कान बंद केलेले असतात, दुसरं काही नाजूक काम चालू असते म्हनून. घंटी वाजली, कोनी आयकली नाही. आता मशीन बसली घंटीची वाट पाहात, अन् डिस्प्ले बसला अक्षराची वाट पाहात. दोघाईचंही काही चुकलं नाही. काचेवर जुनं लिहिलेलं जसंच्या तसं उभं राह्यते. समोरच्याले वाटते काम चालू हाये.

उपाय सोपा हाये. घड्याळाच्या दर टिकटिकीले मशीननं एक डाव पाहून घ्यायचं, कोनाले अक्षर देऊन लय वेळ झाला अन् घंटी आली नाही. त्याले आपूनच इचारायचं, झालं का बाप्पा. झालं असन तर पुढं चालायचं. सोबतच्या कागदावर पेन्सिलीनं लिहून देल्लं. खोडलेलं वाचू नको, बाजूचं वाच.

वाचून दाखवाले इथं कोनी नाही. मंग बाबाले बसवलं. ओसरीत ते सुतळी वळत बसतात दुपारचे. मी म्हनलो, मी आकडे वाचतो, तुमी प्रत्येकाले हाव म्हना. त्याईनं इचारलं नाही काहून म्हनून. शून्य एक सात चार. हाव. शून्य शून्य दोन सहा. हाव. मी मुद्दाम एक ओळ चुकीची वाचली, तिलेबी हाव. शेवटी शेवटी त्याईचा डोया लागला, तरी हाव येऊनच राह्यलं होतं. तवा हे तपासलेलं समजू नको. तू तपास.

लोक येतात. मानिकराव गुरुजी दोनदा येऊन गेले. सारे म्हनतात, इंद्रभाननं लय धीरानं घेतलं, शिकलेला मानूस तो शिकलेलाच. मी दाढी करतो, जेवतो, बाजारात जाऊन तेल-मीठ आनतो. धीर घ्यावा असं काही आतमधी होतच नाही. नळाले पानी नसलं का कसा हवेचा आवाज येते, तसाबी आवाज नाही.

मायले फक्त एका गोष्टीचा राग येते. पोट्टीले मी अजून उचललं नाही. "तुयाच रक्ताची हाये रे, इच्चू हाये का ते?" असं म्हनली काल. मी म्हनलो, उचलतो. मंग मी कागद घेऊन बसलो. तिचा पाळना अन् माया टेबल एकाच खोलीत हायेत, दुसरी खोली कुठं हाये.

गंगूची मोठी बहीन जिजाबाई केनवडवरून आलती. तिचं नंतर लिहितो.

इंद्रभान


कामरगाव,
९ जानेवारी १९७८

रामसिंग,

या डावानं चिठ्ठी होती. वाचली. दिल्लीवाले काम तपासाले येनार होते अन् माया भाग बंद पडला असता तर साहेबानं तो दुसऱ्याच कोनाले देला असता, म्हनून तू घाई केली. बरं. पटलं असं म्हनत नाही, पन खोटं वाटत नाही. नं. ३ आता अटकत नाही हे वाचलं. चांगलं झालं.

तू एका जागी वहिनी लिहून खोडलं. कायले खोडलं? ती हैदराबादले आलती तवा त्या रयवारी तू तिले सेंटरमधी आनाले लावलं होतं. डिस्प्लेवर तू इंग्रजी अक्षरात तिचं नाव आनलं अन् ती काचेजवळ वाकून म्हनली, "येवढीच हाव का मी?" मंग तू सारी काच तिच्याच नावानं भरली. वरून खालपर्यंत. ती हसून राह्यली होती का लाजून राह्यली होती ते मले आता आठवत नाही. आठवावं म्हनून बसतो तर नं. ५ चा तो हिरवा उजेडच दिसते फक्त.

साहेबाचं म्हननं समजलं. एक फेब्रुवारीले हजर व्हा, नाहीतर जागा गेली. मी येतो. इथं ठरलं हाये तसं.

ठरलं ते असं. जिजाबाईले मूलबाळ नाही. तिचा नवरा चंपत रिसोड डेपोत कंडक्टर हाये, पगारदार मानूस, दारू नाही काही नाही. पोट्टी त्याईले देऊन टाकायची. उसनी नाही, कायमची. माय म्हातारी होऊन राह्यली, तिच्या गुडघ्याईत दम नाही अन् वावरातलं काम सुटत नाही. हैदराबादच्या आपल्या त्या खोलीत मी एकटा तान्हं लेकरू घेऊन काय करनार? तू म्हनशीन, दुसरं लगन कर. माय तेबी म्हनून राह्यली. त्यापेक्षा हे सरळ हाये.

मायले ओटी भरून, खन-नारळ ठेवून द्यायचं होतं. बाबा म्हनले, ते सारं आपून छप्पन सालीच सोडलं, आता पोट्टीसाठी परत आनू नको. त्रिशरन म्हनायचं अन् पाच मानसाईसमोर बापानं तोंडानं बोलायचं, का आजपासून ही तुमची. झालं. मंग कोनी परत मांगायचं नाही, तोंडातून निंगालं ते निंगालं. महिन्याच्या शेवटच्या रयवारी ते दोघं येतात. त्याईच्यासंगच मी वाशीमपर्यंत येतो अन् तिथून गाडी धरतो.

साहेब म्हनला म्हने, यापुढं कोनतंच काम एकाच मानसाच्या डोक्यात नाही ठेवायचं. तेबी बरोबर हाये. गाडी चुकली, मी चुकलो, तर तुले मालूम असावं. प्रोग्राम तुया जवळ हायेच. पन प्रोग्रामले डिस्प्लेच्या खोडी सांगता येत नाहीत, अन् ज्याच्या हाती सोपवायचं त्याले खोडी सांगाव्याच लागतात. आयक. नं. ५ ओळ बदलल्यावर पह्यलं अक्षर गिळते, म्हनून मी त्याले आगुदर एक रिकामी जागा चारतो. ते काढून टाकशीन, फालतू दिसते म्हनून. काढू नको. नं. २ दुपारी तापते, मंग अक्षरं थरथरतात. तो प्रोग्रामचा दोष नाही, त्याच्या पाठीमागची खिडकी उघड. नं. १ अन् ४ गरीब हायेत, त्याईकडं कोनी पाह्यत नाही. अन् नवीन डिस्प्ले आले म्हनून जुन्यासाठी लिहिलेल्या ओळी खोडू नको. जुने हायेत तवरी त्याईले आपल्याशिवाय कोन हाये? नं. ३ ले आता बरं वाटून राह्यलं असन, पन पावसाळ्यात तो पुन्हा नाटक करन. तवा त्याले जास्त वेळ दे.

हे सारं मी कधी शिकलो ते मले सांगता येनार नाही. रोज समोर बसलो, एवढंच.

माया खाटेवर तुये कपडे टाकत असशीन तर उचलून ठेव. येतो.

इंद्रभान


कामरगाव,
३० जानेवारी

रामसिंग,

मी वाशीमहून नाही, कामरगावहूनच लिहून राह्यलो. काल काय झालं ते सांगतो. जसं झालं तसंच सांगतो, त्याच्यात माया काही मोठेपना नाही.

ते दोघं सकाळच्या मोटारीनं आले. जिजाबाईनं स्वेटर विनून आनला होता, टोपी, पायमोजे, काजळाची डब्बी. कापडाची एक पिशवी रिकामीच होती, पोट्टीचे इथले कपडे न्यासाठी. तिनं हात-पाय धुतले अन् मंगच पाळन्याजवळ गेली. चंपत खाकीतच होता, दुपारून ड्युटी बदलून घेतलती म्हने.

मानिकराव गुरुजी आले, शेजारचे दोघं आले, बाबा अन् चंपत धरून पाच झाले. भगवानाच्या अन् बाबासायबाच्या फोटोसमोर मेनबत्ती लावली, गुरुजीनं त्रिशरन-पंचशील सांगतलं, आमी मागून म्हनलो. मायनं पोट्टी आनून जिजाबाईच्या मांडीवर ठेवली. माय तोंड फिरवून चुलीकडं गेली. मायी पेटी दाराजवळ बांधून तयार होती.

गुरुजी म्हनले, "बोल इंद्रभान."

काय बोलायचं ते मले पाठ होतं. आजपासून ही तुमची. एवढंच होतं. मी तोंड उघडलं अन् म्हनलो, "हिले बकरीचं दूध निरं पचत नाही."

जिजाबाईनं वर पाह्यलं. "मंग?"

"एका वाटीले अर्धी वाटी पानी. उकळून, मंग थंडं करून. गरम पाजलं का उलटते."

"हाव," ती म्हनली.

"पाजल्यावर खांद्यावर घ्या. डाव्या. उजव्या खांद्यावर ढेकर नाही देत."

"हाव."

चंपत हसला. "सांगा जवाईबापू, मी तिकिटाच्या मागं लिहून घेतो." बाकीचेबी हसले. वातावरन हलकं झालं, चांगलंच झालं ते. मी पुढं सांगून राह्यलो. थांबावं कुठं ते मले समजून नाही राह्यलं, अन् थांबायचं काही कारनबी नव्हतं, सोपवायच्या आगुदर सांगाव लागते. मी सांगतलं का भिंतीकडं तोंड केल्याशिवाय ती झोपत नाही. पोट दुखते तवा ती रडत नाही, नुसते पायाचे अंगठे आवळते, म्हनून तोंडाकडं पाहून काही समजत नाही, पायाकडं पाहाव लागते. एस.टी.चा भोंगा वाजला का दचकते, मंग तिच्या छातीवर नुसता हात ठेवला का पुरते, उचलाची गरज नाही, उचललं तर जास्त रडते. उजव्या कानामागं मळ साचून लाल होते, तिथं तेल लावायचं, पावडर नाही. आकडे वाचले का तिले झोप येते. कोनतेबी आकडे. मायच्या अंगाई गीतानं नाही येत.

जिजाबाई हाव म्हनत होती. आगुदर पटपट म्हनली, मंग हळूहळू. मंग ती म्हनेनाशी झाली. हसनंबी कवा बंद झालं मले मालूम नाही. माय चुलीजवळून उठून चौकटीत येऊन उभी होती.

जिजाबाई म्हनली, "हे तुमाले कोनं सांगतलं? बुढीनं?"

"नाही. ती वावरात राह्यते दिवसा, बाबा पाजतात."

"मंग?"

"दिसते ना ते. समोरच तर असते ती."

तिनं मांडीवरच्या पोट्टीकडं पाह्यलं. मंग पाच मानसं बसले होते त्याईच्याकडं नाही, मायाकडं पाहून ती म्हनली, "मले तं असं सांगतलं होतं का बाप हिच्याकडं ढुंकून पाह्यत नाही. मायबी नाही अन् बापबी नाही, अशी पोट्टी न्याले आलती मी." तिचा आवाज चढला नाही का उतरला नाही. "हिले बाप हाये जवाईबापू. तुमी कायले बोलता मंग ते? नका बोलू."

चंपत म्हनला, "अवो, पन ठरलं हाये ना."

"अजून बोलले नाहीत ते," ती म्हनली. उठली. अन् पोट्टी माया हातात देली.

मी पह्यल्यांदाच घेतली होती तिले. मले वाटलं होतं त्यापेक्षा वजन जास्त होतं. हात कसे धरायचे ते मालूम नव्हतं, जिजाबाईनंच माया कोपर वर करून देला. गुरुजी काहीतरी म्हनत होते, का घाईनं निर्नय नको, का नोकरी परत भेटत नाही. बाबा म्हनले, "गुरुजी, चहा घ्या."

जिजाबाई आमच्या घरी जेवली नाही. रिकामी पिशवी घडी करून तिनं हातातच धरली होती. स्वेटर, टोपी, सारं इथंच ठेवून गेली. मी मोटारीपर्यंत पोचवाले गेलो. चंपत रस्त्यानं एकच बोलला, "तिनं गल्लीत साऱ्याईले सांगतलं होतं." जिजाबाई पुढं गेली होती, ती फाट्यावर पाठमोरी उभी होती. मोटार आली तवा चंपतनं ओळखीच्या कंडक्टरले हात केला, मागचं शीट रिकामं करून देलं तिले. ती खिडकीत बसली अन् पदर तोंडावर घेतला.  तिले काय म्हनायचं असते ते मले मालूम नाही, अजूनबी.

तवा मी येत नाही. साहेबाले वेगळी चिठ्ठी टाकली हाये. डिस्प्लेचा सारा भाग आता तुया. खोडी सांगतल्या हायेत, उरलेल्या तुयाच तुले सापडतीन. कारंज्याच्या एका शाळेत उन्हाळ्यापर्यंत गनिताचा मास्तर पाह्यजे असं गुरुजी म्हनले, पाहू. माया पुस्तकाईची पेटी एस.टी. पार्सलनं पाठव. सायकल तू वापर.

आता तुले वाटन का मले माया आली, पाझर फुटला. नाही. खोटं कायले लिहू? काल तिले घेतली तवाबी आत काही झालं नाही, अन् आज सकाळी दूध पाजलं तवाबी नाही झालं. माय रडली, बाबाचे डोये भरले, मी वाटी धुवून पालथी घातली. गंगूचं रडूबी अजून आलं नाही. येईन तवा येईन. नाही आलं तरी पोट्टीले दोन-दोन तासानं भूक लागते, ती काही त्याच्यासाठी थांबत नाही.

चैतात पोहरादेवीच्या यात्रेले तू घरी येशीनच. कामरगावले उतर. फाट्यावरून कोनालेबी बाबाच्या नावानं, पुंजाजीचं घर इचार. गंगूबद्दल काही बोलाव लागन म्हनून चुकवू नको, काही बोलायचं नाही. दुपारच्या टायमाले ये, माय वावरात असते, बाबाचा डोया लागलेला असते अन् मले पोट्टीले ठेवून आंघोळीले जाता येत नाही. तू असला तर तेवढं होईन.

इंद्रभान